मेत्रे गुरुजींच्या मोटारीची किंमत

मोटार बावीसशे रुपयांना मिळाली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं या आकड्याचे इतके हाल झाले, की आपण नेमके किती दिले होते याची खुद्द मेत्रे गुरुजींनाच मधूनमधून शंका यायला लागली. बावीसशे. रोख, पावतीसकट. पावती उर्दूत होती, पण होती.

बळीराम मेत्रे खटकचिंचोळीच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. पगार चारशेच्या आतबाहेर. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली पेट्रोलचा भाव ऐकून चांगल्या चांगल्यांनी मोटारी झाकून ठेवल्या होत्या, आणि अशा वेळी या माणसानं मोटार घेतली. बरं, घेतली ती तरी कसली? अमेरिकेची! काळीभोर, लांबलचक, आत लाल मखमलीची बैठक, मागं बसणाऱ्याला पाय ठेवायला पितळी दांडी. निजामाच्या राज्यात कोहिनूर गावाकडच्या एका जहागीरदारानं ती हौसेनं आणली होती. पुढं जहागीर गेली, जहागीरदार हैदराबादला गेला आणि मोटार गोठ्यात राहिली. वीस-बावीस वर्षं कोंबड्यांनी त्या मखमलीवर अंडी घातली. शेवटी कारभाऱ्यानं ती विकायला काढली.

आता गुरुजींनी ती कामून घेतली म्हणाल, तर त्याला कारण शकुबाई. शकुबाई म्हणजे गुरुजींची आई. ऐन उमेदीत, जहागीरदाराची हीच मोटार ज्या रस्त्यानं जायची, त्या रस्त्यावर ती मुरूम टाकायला जायची. मोटारीचा भोंगा ऐकू आला, की डोक्यावरच्या पाटीसकट खाली चरात उतरायचं, मान खाली घालायची आणि धुरळा खायचा, अशी तेव्हा रीत होती. एकदा उतरायला उशीर झाला म्हणून ड्रायव्हरनं तिला शिवी हासडली होती. ती शिवी तिनं पस्तीस वर्षं जशीच्या तशी ध्यानात ठेवली होती. मोटार विकायला निघाल्याचं कानावर आलं, तेव्हा जेवता जेवता ती एवढंच म्हणाली, "बळी, एक डाव त्याच्यात बसून जयंतीला भालकीला जायचं हाय मला. मंग मेले तरी चालतंय."

आईनं आयुष्यात दुसरं काही मागितलंच नव्हतं. नवं लुगडंसुद्धा तिला रागावून घ्यायला लावावं लागायचं.

अडचण एवढीच होती, की घरात जे काही साठलेलं होतं ते पत्र्यांसाठी होतं. घरावर जुनं खापराचं छप्पर, पावसाळ्यात सात ठिकाणी गळायचं. चांगुणाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, चार वर्षं पोटाला चिमटा काढून पत्र्यांचे पैसे जमवले होते. त्यातले बावीसशे गेल्यावर त्या भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "राहिलेल्यात अर्ध्या घराचे पत्रे येतेत. अर्ध्या घरात आपण राहू, अर्ध्यात पाऊस राहील." गुरुजींना वाटलं, यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

बीदरचा मिस्त्री रेवणसिद्धप्पा आला, त्यानं तीन आठवडे खाटखूट करून मोटार चालू केली. तिच्या पोटात आता ट्रकचे, जीपचे आणि विहिरीवरच्या इंजिनाचेही थोडे भाग होते. पण चालायची. चालवायला रेवणसिद्धप्पाच, कारण गुरुजींना सायकलसुद्धा उतारावर नीट आवरत नसे. पुढं मोटार नावावर करून घेण्यात जे दोन महिने गेले ते सांगत बसत नाही, कारण ती गोष्ट नुसत्या शिक्क्यांची आहे. उरला तो विमा.

विम्याचं नाव काढल्याबरोबर गाव सल्ला द्यायला सरसावलं. समोरचे किराणा दुकानदार गुरुशांतप्पा म्हणाले, "गुरुजी, माझा ट्रॅक्टर सात साल झालं फिरायलाय. विमा काळा का गोरा, त्याला ठाऊक न्हाई."

शेजारचा ज्ञानोबा पाटील म्हणाला, "भालकीच्या नाक्यावर शिपाई उभा असतोय. त्याच्या हातावर दोन रुपये ठिवायचे. तुमचा विमा झाला." हा ज्ञानोबा गुरुजींच्या दारात तासन् तास गप्पा मारायचा, पण चहा पुढं आला की एकदा रस्त्याकडं बघून घ्यायचा आणि मगच कपाला हात लावायचा. गुरुजींना ते दिसायचं. ज्ञानोबालाही ते दिसतंय हे ठाऊक होतं. दोघांनीही त्यावर कधी चर्चा केली नाही.

"अप्पा, तुमच्या ट्रॅक्टरला कुणी अडवत न्हाई," गुरुजी म्हणाले. "माझी माय मागं बसलेली असताना एखाद्या शिपायानं काठी आडवी घातली, अन् कागद न्हाई तर उतरा खाली म्हणला, तर मी मोटार घेतली कशाला? तिला परत चरात उतरवायला?"

यावर अप्पांनी दुकानातला गूळ उगीच इकडचा तिकडं ठेवला आणि ते म्हणाले, "मंग कागद करूनच टाका."

गुरुजींनी बीदरच्या विमा ऑफिसात अर्ज टाकला. ऑफिसातून उत्तर आलं, की आमचे तपासणी साहेब येऊन मोटार बघतील, तिची किंमत ठरवतील, मग पुढचं. इथवर सगळं सरळ होतं.

साहेब आले ते गुरुवारी अकरा वाजता. गुरुजी तेव्हा शाळेत सातवीला पानिपत शिकवत होते. साहेब गुलबर्ग्याकडचे, बुशशर्ट घातलेले, काखेत फाईल, बोलायला गोड. त्यांनी गुरुशांतप्पांच्या दुकानासमोर स्कूटर लावली आणि दखनीत विचारलं, "मेत्रे गुरुजी का घर येईच है ना? ये मोटर उनकीच है? कित्ते की होंगी?"

आमच्या भागात परका माणूस फाईल घेऊन येतो, दाराशी न जाता आधी शेजाऱ्याला गाठतो आणि घरमालकाची ऐपत विचारतो, याचा एकच अर्थ असतो. सोयरीक! पाहुणे चौकशीला आलेत. आणि गुरुजींचा धाकटा भाऊ व्यंकट बीदरला नोकरीला, तेवीस वर्षांचा, लग्नाचा. मग सांगायलाच नको. चौकशीच्या वेळी शेजाऱ्यानं काय करायचं असतं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पाच एकर असेल तर वीस सांगायचं, दोन म्हशी असतील तर आठ सांगायच्या, आणि विहीर नसेल तर तिला भरपूर पाणी आहे म्हणून सांगायचं. वर्षभर भांडलेला माणूससुद्धा त्या दिवशी कमी सांगत नाही. आज आपण याचं वाढवलं तर उद्या हा आपलं वाढवील, असा हा चोख व्यवहार आहे.

गुरुशांतप्पांनी साहेबांना बसायला पोतं दिलं आणि घसा साफ करून म्हणाले, "वीस हजार तो कहीं नै गए."

साहेबांनी लिहून घेतलं. ते लिहून घेताहेत हे बघून ज्ञानोबा लगबगीनं पुढं आला. "अप्पा, वीस कसले? ह्ये साहेब, पच्चीस लिखो. अमेरिका का माल है. आत मखमल हाय, मखमल! चला दाखवतो." त्यानं स्वतः दार उघडून दाखवलं. कधी नव्हे ते गुरुजींच्या अंगणातल्या माठातलं पाणी त्यानं तांब्या भरून साहेबांना दिलं आणि त्याच तांब्यानं आपणही घटाघटा प्यायला, रस्त्याकडं न बघता.

हॉटेलवाला चहा घेऊन आला होता, त्यानं तीस सांगितले. एसटीची वाट बघत बसलेल्या एका माणसानं तर मोटार कुठली, गुरुजी कोण, काहीच न विचारता बत्तीसला दुजोरा दिला.

गडबड ऐकून शकुबाई बाहेर आली. आकडे कानावर पडले तशी ती खवळलीच. पाहुण्यापुढं पोराच्या मोटारीची अशी बेअब्रू? "बत्तीस?" ती म्हणाली. "या मोटारीपायी आम्ही चरात उभारलोय, साहेब. जहागीरदाराची मोटार हाय ती. चाळीस हजार लिवा. चाळीसाला एक पैसा कमी न्हाई!"

साहेबांनी चाळीस हजार लिहिले. खाली पाच जणांच्या सह्या मागितल्या, तेव्हाही कुणाला वेगळं काही वाटलं नाही. सोयरीक ठरताना देण्याघेण्याची याद लिहितात, पंच सह्या करतात, तसंच हे. जरा घाईनं चाललंय एवढंच. चौघांनी फर्रकन् सह्या केल्या.

गुरुजी शाळेतून धावत आले तेव्हा शकुबाई पाचवी सही करत होती. अंगठा नव्हे, सही. गुरुजींच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तीन वर्षं बसून ती एवढं एकच शिकली होती, आणि ते कुठल्या कागदावर वापरायची वेळ आजवर आलीच नव्हती. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. जीभ दातांत धरलेली. श, कु, मग बराच वेळ विश्रांती, मग बा. साहेबांचा चहा संपला, दुसरा आला. शेवटी ई झाली. तिनं कागद लांब धरून बघितला आणि म्हणाली, "बळी, बग रं. बरोबर हाय?"

गुरुजींनी वरचा आकडा बघितला. मग खालची सही बघितली. "बरोबर हाय, माय," ते म्हणाले.

साहेब स्कूटरला किक मारायला लागले तेव्हा गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन खरी किंमत सांगितली. साहेब हसले. "गुरुजी, पाच जण हजारोंत बोलतात, तुम्ही एकटे शेकड्यांत. पैसे कमी भरायला लोक असंच सांगतात हो. काही असेल तर ऑफिसात या." आणि गेले. मागून ज्ञानोबानं विचारलं, "पोरगी काय शिकलीया म्हणे?"

आठ दिवसांत ऑफिसचं पत्र आलं. चाळीस हजारांच्या परदेशी मोटारीला सालाचे तेराशे साठ रुपये. गुरुजींनी 'सालाचे' हा शब्द वाचला, पण त्या क्षणी तेराशे साठपुढं त्यांना दुसरं काही दिसलं नाही. हा आकडा एका शकुबाईपासून तेवढा लपवला, बाकी गावाला कळला, तशी पंच मंडळी उलट गुरुजींवरच रागावली. "मंग आधी सांगायचं की, विम्याचा माणूस येणाराय म्हणून!" अप्पा म्हणाले. "आम्ही शंभर रुपये सांगितले असते."

बीदरच्या चकरा सुरू झाल्या. पहिल्या चकरेत गुरुजींनी पावती पुढं केली. पावती उर्दूत, फॉर्म इंग्रजीत, क्लार्क कन्नडात आणि गुरुजी मराठीत. क्लार्क म्हणाला, भाषांतर आणा. कचेरीजवळ एक म्हातारे मुन्शी बसायचे, त्यांनी चष्मा लावून वाचलं: मोटर एक अदद, रंग काला, बनावट अमरीकी, हालत खस्ता, म्हणजे मोडकळीला आलेली, चार मुर्गियों समेत. कोंबड्या मोटार सोडायला तयार नव्हत्या म्हणून कारभाऱ्यानं त्याही देऊन टाकल्या होत्या, हे गुरुजी विसरले होते. क्लार्क विसरला नाही. म्हणाला, "बावीसशेतून कोंबड्यांची किंमत वजा करून मोटारीची वेगळी दाखवा." गुरुजींनी तिथंच बसून कोंबडीमागं सहा रुपये धरले आणि चोवीस वजा केले. आयुष्यात इतका हास्यास्पद हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता, आणि शेजारच्या बाकावर त्यांचा एक जुना विद्यार्थी बसून बघत होता.

दुसऱ्या चकरेत मोटारीची कंपनी विचारली. पुढचं पितळी नाव कुणीतरी केव्हाच उपटून नेलं होतं. गुरुजींनी रेवणसिद्धप्पाला विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, "गुरुजी, आता कुठल्या भागाची कंपनी सांगू?" शेवटी त्या रकान्यात अमेरिका असं लिहिलं.

तिसऱ्या चकरेला एप्रिलची नऊ तारीख होती. जयंती पाच दिवसांवर. या खेपेला मॅनेजरनं स्वतः आत बोलावलं. मैसूरकडचा, चांगला माणूस. त्यानं चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "गुरुजी, नवी तपासणी करायची तर साहेबांचा तुमच्याकडचा फेरा जूनमध्ये. आत्ता एकच वाट आहे. तुम्ही लिहून द्या, की खाली सह्या केलेल्या पाच जणांनी किमतीची खोटी माहिती दिली. मी आजच किंमत खाली आणतो. शंभर रुपयांच्या आत काम होईल."

शंभराच्या आत! गुरुजींना हायसं वाटलं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. गुरुशांतप्पा यांनी खोटी माहिती दिली. ज्ञानोबा पाटील यांनी खोटी माहिती दिली. हे नाव त्यांनी जरा ठळकच काढलं. हॉटेलवाल्यानं दिली. एसटीची वाट बघणाऱ्यानं दिली. मग नावं सह्यांशी ताडून बघावीत म्हणून त्यांनी फाईलमधला मूळ कागद जवळ घेतला.

खाली ती सही होती. श मोठा, कु त्याहून मोठा, बा ओळीच्या खाली उतरलेला आणि ई कशीबशी कडेला मावलेली.

पेन थांबलं. गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला. "साहेब," त्यांनी विचारलं, "चौघांवर भागणार न्हाई का?"

मॅनेजरनं कागद बघितला. "कसं भागेल? चाळीस तर पाचवीनंच सांगितलेत. खरं म्हणजे तिचंच नाव पाहिजे. या कोण?"

"माझी माय," गुरुजी म्हणाले.

गुरुजी सहीकडं बघत बसले. आईनं जन्मात एकदा सरकारी कागदावर नाव लिहिलं, आणि त्याच्या वर पोरानं लिहायचं, की ही खोटं बोलली. फाईलीत कोण बघणार, तिला वाचता कुठं येतंय, हे सगळं त्यांच्या मनात आलं. आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी लिहिलेला कागद चार तुकडे करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी घरच्या डब्यातून राहिलेल्या पत्र्यांचे पैसे काढले आणि बीदरला जाऊन तेराशे साठ रुपये भरून टाकले.

चांगुणाबाईंना त्यांनी सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "सासूबाईंना खोटं ठरवलं असतं तर मी तुमाला घरात घेतलं नसतं. पर पावसाळ्यात आपण सगळ्यांनी मोटारीत झोपायचं. ती गळत न्हाई, मी पाणी टाकून बघितलंय."

चौदा एप्रिलला रविवार होता. शकुबाईनं नवं पांढरं लुगडं नेसलं. मोटारीला निळं निशाण लावलं होतं. रेवणसिद्धप्पा चालवायला, शेजारी गुरुजी, मागं सासूसुना. शकुबाई आत चढली, मखमलीवरून हात फिरवला, पितळी दांडीवर दोन्ही पाय ठेवले आणि ताठ बसली. गाव बघायला जमलं होतं. ज्ञानोबानं मोटारीला मागून धक्का दिला, कारण त्याशिवाय ती सुरू होत नव्हती.

वाटेत कुणीच अडवलं नाही. भालकीच्या नाक्यावर शिपाई होता, पण त्यानं लांबूनच मोटार बघून सलाम ठोकला. गुरुजी खिन्न झाले. तेराशे साठ रुपयांचा कागद खिशात आणि बघणारा कुणी नाही! त्यांनी मोटार थांबवली, खाली उतरले आणि कागद शिपायापुढं धरला.

"मी कुठं मागितलो?" शिपाई म्हणाला.

"बघा तर खरं."

शिपायानं कागद सुलटा केला आणि बोट ठेवून वाचला. "भारी काम हाय, गुरुजी. पुढल्या नऊ एप्रिलपर्यंत बिनघोर फिरा. मंग परत भरायचं." त्यानं आत वाकून बघितलं आणि शकुबाईला हात जोडले. "बसा अम्मा, बसा. जाऊ द्या गाडी."

गुरुजी जागीच उभे राहिले. पत्रातला तो 'सालाचे' शब्द आता त्यांना उमगला. दर साल! ते हळूहळू येऊन मोटारीत बसले. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही, कारण चांगुणाबाईंनी ऐकलं होतं. त्यांच्या हसण्याचा आवाज आला, तो चांगला की वाईट हे गुरुजींना ठरवता येईना.

"बळी," शकुबाईनं मागून विचारलं, "कितीला पडला रं हा कागद?"

इतिहासाच्या मास्तरानं आजवर सनावळीत एका सालाची चूक केली नव्हती. ते समोरच्या काचेकडं बघत म्हणाले, "नव्वद रुपये."

"नव्वदच?" शकुबाईचा चेहरा फुलला. "बघ! मी चाळीस सांगितले म्हणून मान राखला त्यांनी. त्या ज्ञानोबाचं ऐकून पंचवीस लिवले असते, तर लुबाडलं असतं तुला." ती जरा पुढं सरकली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढल्या साली साठ हजार सांगू. सही मीच करते."

"सांगू की, माय," गुरुजी म्हणाले.